मी पास केलेली चिमणी

सुनेचा खोकला दोन वर्षं जुना होता आणि त्या दोन वर्षांत तिने मला एकदाही सांगितलं नाही की तो माझ्या स्वयंपाकामुळे येतो. संध्याकाळी कामावरून आली की ती पर्स खुंटीला अडकवायची, "आई, काही मदत करू का?" असं स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारायची आणि माझं उत्तर यायच्या आत गॅलरीत जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर उभं राहून पोरीचे पाय दुखत असतील, किंवा कामाचाच कंटाळा असेल. मनातल्या मनात कुरकुर केली मी, खोटं कशाला बोलू. मग एके दिवशी तिला धाप लागली. लेक तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि परत आल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला, "तेलाचा धूर. डॉक्टर म्हणाले, घरातला धूर बाहेर काढा, नाहीतर हिला बाहेर काढा."

"म्हणजे ओट्यावर चिमणी बसवायची," सून म्हणाली. "धूर ओढून बाहेर टाकणारी. सगळ्यांकडे असते."

"बसवा की मग," मी म्हणाले. "पण बिनआवाजाची."

"आई, आत पंखा असतो. पंखा म्हटला की आवाज आलाच," लेक म्हणाला.

"मग कमी आवाजाची शोध. शोधायला काय, तुला आवडतंच."

यावर त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं असणार. असणार म्हणते, कारण मला दिसलं नाही.

तेच माझं गुपित होतं. दोन वर्षांपासून माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक करडा डाग होता, कुणीतरी काचेवर अंगठा टेकवावा तसा. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. दाराची चौकट दिसायची, दारातला माणूस नाही. ताटाची कड दिसायची, ताटातलं काही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं: वयाचा आजार आहे, हळूहळू वाढेल, मिट्ट काळोख होणार नाही, पण गेलेलं परत येणार नाही. घरी मी सांगितलं, "मोतीबिंदू आहे, अजून पिकला नाही." एकदा डोळ्यांचं खरं सांगितलं की आधी हातातली शेगडी जाते, हे मी माझ्या एका मैत्रिणीच्या घरी पाहिलं होतं. मुलांनी तिला खुर्चीत बसवलं आणि हातात टीव्हीचा रिमोट दिला. बिचारी न दिसणारा टीव्ही दिवसभर ऐकत बसायची. माझं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. खुर्चीत बसायची माझी तयारी नव्हती.

आणि मला स्वयंपाकाला डोळे लागतच नव्हते. मी कानांनी स्वयंपाक करत होते. कांदा तेलात पडला की आधी चिडतो, मग बडबड करतो, मग कुजबुजतो. कुजबुज संपायच्या आत पुढचं काय ते घालायचं. दूध तापताना कडेकडेने बारीक सुरसुरतं आणि वर येण्याआधी एकदम जड होतं, जणू श्वास रोखून धरलाय. भाताचं पाणी आटलं की फटफट थांबते आणि तळाशी टिकटिक सुरू होते. मासा उलटायला झाला की त्याचा आवाज पातळ होतो. शेगडी पेटलेली आहे की नाही हेसुद्धा मी ऐकूनच ठरवायची. बारीक केलेली ज्योतही सूं करत असते. दोन वर्षांत कुणाला संशय आला नव्हता. लेक तर म्हणायचा, "आई, तुझ्या हाताला वय नाही."

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे चिमणी होती. एकदा तिच्या ओट्याशी उभी होते, तर तिच्या घरचं दूध माझ्यापासून हातभर अंतरावर उतू गेलं आणि मला पत्ता लागला नाही. डोक्यावर विमान उभं असावं असा तो आवाज. म्हणून तर मी बिनआवाजाची म्हटलं होतं. सुनेला श्वास हवा होता, मला कान हवे होते, आणि दोघींना स्वयंपाकघर एकच.

लेक जमिनी मोजायच्या खात्यात आहे. मोजलेल्या गोष्टीवर त्याचा फार विश्वास. त्याने आठवडाभर खपून एक तक्ता केला. कुठल्या चिमणीचा आवाज किती डेसिबल, एक्कावन्न की अठ्ठावन्न, सगळं त्यात. रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. एका लांब भिंतीवर ओळीने चौदा चिमण्या टांगलेल्या. विक्रेता अगदी तेल लावलेल्या आवाजाचा.

"मावशी, ही बघा. हिला बटण नाही. समोर नुसता हात हलवला की चालू होते."

"नको रे बाबा," मी म्हणाले. "मी बोलताना हातवारे करते. दिवसभर आपली चालू-बंद, चालू-बंद."

सून हसली आणि हसता हसता खोकली. विक्रेता दोन पावलं मागे सरकला.

लेकाने तक्ता उघडला. "ही एक्कावन्नवाली दाखवा."

"एक्कावन्न हे सगळ्यात हळू वेगावर असतं हं, साहेब."

"मग वरच्या वेगावर?"

"ते कंपनी छापत नाही."

मला राहवलं नाही. "तो कागद ठेव बाजूला," मी लेकाला म्हटलं आणि विक्रेत्याकडे लाकडी फूटपट्टी मागितली.

आता इथे मला माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एकतीस वर्षं टेबलफॅनच्या कारखान्यात होते आणि माझं काम होतं ऐकणं. कारखान्याच्या अगदी टोकाला एक खोली होती. भिंतींना आवाज शोषून घेणारा लोकरीचा जाड नमदा, दाराला दोन पदर, आत आम्ही नऊ बायका. प्रत्येकीसमोर एक बाक. बाकावर पंखा यायचा, तो चालू करायचा आणि एक सुकवलेली लाकडी काठी घेऊन तिचं एक टोक मोटारीला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं. काठीतून पंख्याच्या पोटातलं सगळं ऐकू यायचं. बेअरिंग घासतंय, पातं एका बाजूला जड आहे, तार सैल आहे. बरा असला तर खडूने बरोबरची खूण, नसला तर फुली. दिवसाला ऐंशी पंखे. आत बोलायला बंदी. आम्ही खुणांनी बोलायचो आणि खुणांनीच एकमेकींची टिंगलही करायचो. जेवणाची सुट्टी झाली की दोन्ही दारं उघडून बाहेर पडायचो ते असा कलकलाट करत की शिपाई कानांत बोटं घालायचा. नमद्याचा तो कोंदट वास, खडूने पांढरी झालेली बोटं. आजही कधी कधी कुशीवर वळले की कानाच्या मागे काठीचं टोक टेकल्यासारखं वाटतं. आमच्या खोलीतून पास झालेल्या पंख्याला बाजारात मान होता. निदान आम्हाला तसं सांगायचे.

तर मी फूटपट्टी कानामागे लावली आणि एकेक चिमणी ऐकत गेले. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. तिसरीला मी नाक मुरडलं. "हिचं बेअरिंग घासतंय."

"मावशी, हीच तर सगळ्यात जास्त खपते!"

"खपू दे. वर्षाने माझी आठवण काढाल."

अकरावीपाशी थांबले. काळी, बुटकी, दिसायला अगदी सामान्य असावी, कारण लेक "ही?" असं म्हणाला. पण तिच्या पोटात एकच सूर होता, खालच्या पट्टीतला, कुठेही न अडखळणारा. वरच्या वेगावरही तो सूर नुसता जाड झाला, फाटला नाही. माझी बोटं आपोआप खडू शोधायला लागली.

"पास," मी म्हणाले.

लेकाने तक्त्याची घडी घातली. सून माझा हात धरून म्हणाली, "आई, तुम्ही तर भलत्याच निघालात." परत येताना गाडीत मी खिडकीशी ताठ बसले होते. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझं मत मानलं होतं, आणि ते बरोबर होतं.

चार दिवसांनी मिस्त्री आला. पन्नाशीचा, बोलणं मोठ्याने, ड्रिल त्याहून मोठ्याने. ओट्याच्या डाव्या भिंतीत जुन्या गॅस गीझरच्या धुरासाठी पाडलेलं एक भोक होतं, ते त्याने वापरलं. चिमणीच्या डोक्यातून निघालेला चांदीच्या कागदासारखा सुरकुत्यांचा पाइप कपाटांवरून वळवत त्या भोकापर्यंत नेला. "झालं, आजी!" म्हणत त्याने बटण दाबलं.

मला वाटलं, ड्रिल अजून चालू आहे.

"हा कसला आवाज?" मी ओरडून विचारलं.

"कुठला आवाज?" तोही ओरडला.

लेक संध्याकाळी आला, त्याने बटण दोनदा चालू-बंद करून ऐकलं. मग म्हणाला, "आई, तूच पास केलीस." तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. हसत बोलला, ते जास्त लागलं.

पहिले चार दिवस मी चोरी केली. सून घरी नसताना चिमणी बंद ठेवून स्वयंपाक उरकायची आणि ती यायच्या वेळेला चालू करायची. पण धूर काय, घड्याळ बघून जातो थोडाच? चौथ्या दिवशी ती आली आणि दारातच खोकायला लागली. "चिमणी असूनही कसं काय?" ती लेकाला म्हणत होती. "माझं दुसरंच काही नसेल ना?" तिच्या आवाजातली ती भीती ऐकली आणि मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्याने बटण दाबायला लागले. तिचा खोकला उतरला. माझे कांदे जळायला लागले. लेक पानातले काळे तुकडे बाजूला सारायचा तेव्हा चमचा ताटलीवर वाजायचा. तेवढं मात्र मला स्पष्ट ऐकू यायचं.

मग तो रविवार. दुपारचे बारा वाजत आले होते. बटाटे उतरवले, शेगडी बंद केली आणि हात पुसून फडका घडी करून ठेवला. शेगडी बंद झालेली नव्हती. मी बटण उलट्या बाजूला फिरवलं होतं, ज्योत बारीक झाली होती आणि फडका मी तिच्यावरच ठेवला होता. एरवी सूं ऐकू आली असती. एरवी जळका वासही आला असता, पण चिमणी वासही ओढून घेत होती. मी तिथेच, हातभर अंतरावर, कोथिंबीर निवडत उभी.

"आई! मागे व्हा!"

सुनेने मला दंडाला धरून बाजूला केलं, चिमट्याने फडका उचलून मोरीत टाकला, पाणी सोडलं, शेगडी बंद केली, चिमणी बंद केली. एवढं सगळं झाल्यावर घरात शांतता पसरली आणि त्या शांततेत ती हळू आवाजात म्हणाली, "आई, जाळ तुमच्या समोर होता. तुम्ही त्याच्याकडेच बघत होतात."

"माझं लक्ष नव्हतं."

"माझ्याकडे बघा." मी बघितलं. "मी हसतेय की रडतेय?"

मी पुष्कळ प्रयत्न केला. तिचे केस दिसले, एका कानातली कुडी दिसली. मधे तो अंगठा. "अगं," मी म्हणाले, आणि हातातली कोथिंबीर ओट्यावर ठेवली.

दुपारी टेबलाशी सगळं बाहेर आलं. डॉक्टरीणबाई, मोतीबिंदूची थाप, दोन वर्षं, कानांनी केलेला स्वयंपाक. लेक उठून येरझाऱ्या घालायला लागला. "दोन वर्षं! आई, तू तेलाशी खेळत होतीस दोन वर्षं! आजपासून शेगडीला हात लावायचा नाही. खूप केलंस आयुष्यभर, आता आराम कर."

"आराम म्हणजे खुर्ची ना?"

"खुर्ची म्हण, काहीही म्हण."

"दोन वर्षांत काही जाळलं का मी? चिमणी यायच्या आधी?"

तो थांबला. हिशोबी माणूस आहे, आठवून बघत असणार. सुनेने उत्तर दिलं. "नाही जाळलं. उलट माझंच एकदा दूध करपलं होतं."

"तू गप्प बस," लेक म्हणाला.

"का म्हणून? खोकला माझा आहे, चिमणी माझ्यासाठी आली. मला श्वास मिळावा म्हणून आईंनी कान द्यायचे, असं मी कधी म्हटलं होतं?"

मला तेव्हाच एक जुनी गोष्ट आठवली होती आणि ती चांगली नव्हती. कारखान्यात असताना दर महिन्याला थोडे पंखे परत यायचे. गिऱ्हाइकाची तक्रार एकच, आवाज करतो. आम्ही तो पंखा पुन्हा बाकावर ठेवायचो, काठी लावायचो, आवाज नाही. पुन्हा बरोबरची खूण. आणि खुणांनी हसायचो, काय लोक असतात एकेक! एकतीस वर्षांत आमच्यातली एकही कधी कुणाच्या घरी जाऊन बघून आली नाही की तो पंखा कशावर ठेवलाय, पोकळ कपाटावर की डुगडुगत्या टेबलावर, की पडद्याला चिकटून. आम्ही पंखा ऐकायचो, पंख्याचं घर ऐकत नव्हतो. आणि दुकानात मी तेच केलं होतं. तिथे चिमणीला पाइप नव्हता. ती मोकळ्या हवेत श्वास सोडत होती, बाकावरच्या पंख्यासारखी.

"चिमणी चांगली आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे. मी अर्धीच ऐकली. मिस्त्रीला परत बोलव."

"आणि त्याने काही झालं नाही तर?" लेकाने विचारलं.

"तर मी ओटा सोडते. खुर्ची आण, रिमोट आण. एक शब्द बोलणार नाही."

"आणि झालं तर?"

"तर तू ओट्यापाशी येऊन मला शिकवायचं नाहीस."

"आधी मला बघू दे," तो म्हणाला. "चिमणी चालू असताना, तुझ्या शेजारी उभं राहून. मग ठरवू." सुनेने टेबलावर हात आपटला. "ठरलं!"

मिस्त्री दोन दिवसांनी आला, जरा नाराजीनेच. "आजी, मशीन चालू आहे, धूर ओढतंय. प्रॉब्लेम काय आहे?"

"आवाज."

"काय?"

"आवाज!"

"अच्छा, आवाज." त्याने उजवा कान माझ्याकडे वळवला. "कसं आहे, तीस वर्षं भिंतींना भोकं पाडतोय. डावा कान गेला. उजवा बायकोसाठी ठेवलाय, पण ती म्हणते तोही बंदच असतो."

मला एकदम तो माणूस आवडला. "मिस्त्री, मला दिसत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही. मी सांगते कुठे, तुम्ही बघा काय."

लेकाला सुट्टी नव्हती, तरी तो आला होता. मी स्टुलावर चढायला निघाले तसा तो म्हणाला, "आई, पडशील." सुनेने मागून माझी कंबर घट्ट धरली. हातात लांब दांड्याचा लाकडी चमचा होता. त्याचा दांडा कानामागे लावला, दुसरं टोक चिमणीच्या अंगाला टेकवलं आणि मिस्त्रीला बटण दाबायला सांगितलं.

चिमणीच्या पोटात तोच सूर होता. दुकानातला. खालच्या पट्टीतला, न अडखळणारा. त्या गदारोळात तो सापडल्यावर गर्दीत आपलं माणूस दिसावं तसं झालं मला. मग चमचा पुढे सरकवला, पाइपावर. पहिल्या वळणाशी हवा घासत होती. दुसऱ्या वळणाशी ती हंबरत होती. आणि पाइप जिथे भिंतीत शिरत होता तिथे अशी शिट्टी की मी चमचाच काढून घेतला.

"इथे," मी म्हणाले. "आणि या दोन्ही वळणांशी. मोटार साफ आहे."

मिस्त्रीने मशीन बंद केलं, पाइप सोडवला, आत बॅटरी मारली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "चिमणीचं तोंड सहा इंची आहे. हे भोक गीझरचं, चार इंची. मी मधे कमी करायचा तुकडा लावला. सगळीकडे असाच लावतो, आजी. आजपर्यंत कुणाची तक्रार नाही."

"तक्रार करत असतील," सून म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नसेल."

तो इतक्या जोरात हसला की बॅटरी हातातून पडली. मग मात्र गंभीर झाला. एवढी हवा एवढ्याशा घशातून जायची म्हणजे ती ओरडणारच, म्हणाला. भोक मोठं करता येईल का, लेकाने विचारलं. नाही, त्या भिंतीत खांब होता. दुसरीकडून? मिस्त्रीने टेप काढली, मापं घेतली आणि शेवटी ओट्यासमोरच्या खिडकीपाशी थांबला.

"इथून. वरचं तावदान काढायचं, तिथे पत्रा बसवायचा, त्यातून गुळगुळीत सहा इंची पाइप बाहेर. हातभर लांब, एकही वळण नाही. खालचं तावदान राहील."

ती खिडकी म्हणजे स्वयंपाकघराचा सगळा उजेड होता. आणि आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं की मला जे काही दिसतं ते त्या उजेडाच्या जोरावर, कडेकडेने: भांड्याची चमकणारी कड, सुरीचं पातं, पाण्याच्या नळाची रेघ.

"नको," लेक म्हणाला. "आहे तेवढं तरी दिसू दे तिला."

"एक पुठ्ठा धरा वरच्या काचेवर," मी सांगितलं.

मिस्त्रीने चिमणीचाच खोका फाडून धरला. स्वयंपाकघर मावळलं. भांड्यांच्या कडा गेल्या, नळ गेला, ओटा एक लांबट सावली झाला. मी तिथे उभी राहून पाहत होते. दोन वर्षं मी त्या उजेडाला धरून ठेवत होते, चपला घालून दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला "बसा हो अजून जरा" म्हणावं तसं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तरी मी मनातून मानलं नव्हतं. पुठ्ठा धरलेल्या त्या मिनिटात मानलं. डोळे निघाले होते. कान अजून घरात होते, धडधाकट.

"काढा तावदान," मी म्हणाले.

"आई, नीट विचार कर."

"केला. उजेड काय, दिव्याचाही चालेल. कानाला दिवा लावता येत नाही."

"वरच्या कपाटांच्या खाली पांढऱ्या दिव्यांची पट्टी लावू," सून लगेच म्हणाली. "आमच्या लॅबमध्ये आहे तशी, सरळ हातांवर पडणारी." ती इतक्या भरभर बोलली की तिने हे आधीच योजून ठेवलं असावं.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. पत्रा कापताना कर्र झालं तेव्हा मी दातांवर दात धरले आणि मिस्त्री शांतपणे गुणगुणत होता. गीझरचं भोक त्याने विटा आणि सिमेंटने बुजवलं. चिमणीच्या मागे रबराच्या चकत्या घातल्या. मग हात पुसून म्हणाला, "आजी, तुम्हीच दाबा."

मी दाबलं. थोडा वेळ मला वाटलं, चालूच झाली नाही. मग चेहऱ्यावरून हवा वर गेल्याचं जाणवलं. सूर होता, पण शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तेवढाच.

"चालू आहे ना?" मिस्त्रीने काळजीने विचारलं. "मला तर काहीच ऐकू येत नाही."

"ही तुम्ही केलेली पहिली तक्रार," सून म्हणाली.

वरच्या वेगावर तो सूर वाढला, ते मात्र खरं. अगदी बिनआवाजाची चिमणी जगात नसते, हे लेकाचं म्हणणं मी मान्य केलं. पण रोजच्या स्वयंपाकाला खालचा वेग पुरे होता.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. लेकाने ऑफिसातून लवकर येऊन दाराला टेकून हाताची घडी घातली. सुनेने अटी वाचून दाखवल्या: फडका खिळ्याला, ओट्यावर नाही. शेगडीच्या बटणांवर खडबडीत टिकल्या, बंद कुठे ते बोटाला कळायला. गरम तेलाचं भांडं हलवायचं असेल तर हाक मारायची. आणि पुढच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंकडे ती माझ्याबरोबर येणार. "आत," ती म्हणाली. "बाहेरच्या बाकावर नाही बसणार मी." मी तोंड वाकडं केलं, पण एकेक अट कबूल केली. गरम तेलाची तर मला स्वतःलाच भीती वाटत होती. सांगायची सोय नव्हती इतकंच.

तेल तापलं. मी कांदा टाकला. तो चिडला. मला ते ऐकू आलं आणि माझ्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सून पेटलेल्या शेगडीपाशी माझ्या शेजारी उभी होती. धूर तिच्या तोंडावरून वर निघून जात होता. ती एकदा खाकरली, थांबली, पण खोकला आला नाही.

"आई, मी डोळे मिटलेत," ती म्हणाली. "आता काय ऐकायचं?"

"आता तो बडबडतोय. ऐकू येतंय?"

"हो."

"ही बडबड खाली येईल. शब्द संपले की टोमॅटो."

"आता?"

"घाई नको."

"आता?"

"अगं, थांब की! तुझा आवाज मधे येतो."

आम्ही दोघी वाकून ऐकत होतो. बडबड पातळ होत गेली, मधे मधे तुटायला लागली. मी टोमॅटोच्या वाटीकडे हात नेला तर वाटी जाग्यावर नव्हती. ती सुनेने आधीच उचलली होती.

"आता," ती म्हणाली, यावेळी न विचारता.

"आता," मी म्हणाले.

टोमॅटो पडले आणि कढईतून मोठा आवाज आला. दारातून लेक म्हणाला, "मग? काय ठरलं? जेवायला किती वेळ आहे अजून?"

"तू जरा गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो. तो खरंच गप्प बसला, आणि ताटं घ्यायला आत आला.